स्वैपाक शिकायला धारवाडला कशाला?

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, पीयूसी सेकंड इयर (म्हणजे बारावी) सायन्समधनं झालंय, सीईटी पण दिली. धारवाडच्या कृषी विद्यापीठात कम्युनिटी सायन्सची चार वर्षांची डिग्री आहे, आधी तिला होम सायन्स म्हणायचे, तिथं सीट मिळेल असं वाटतंय. पण घरात सगळे हसूलालेत. आप्पा म्हणतात स्वैपाक शिकायला धारवाडला कशाला, आजीकडं शीक की फुकटात. आता मलाच डाऊट यायला लागलाय, हे खरंच सायन्स आहे का? ही लाईन काढली कुणी?
— एक विद्यार्थिनी, खानापूर तालुका

उत्तर : पोरी, तुझं पत्र वाचलं आणि माझेच दिवस डोळ्यासमोर आले. मी होम सायन्स घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत पण हेच, काय गं कॉलेजात शेवया करायला शिकूलालीस काय. मला उत्तर देता यायचं नाही, कारण ही लाईन जिनं उभी केली ती बाई आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती, पुढं मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा कुठं तिच्याबद्दल वाचलं. म्हणून आज जरा लांबलचक लिहिते, आप्पांना पण वाचून दाखव.

तिचं नाव एलन स्वॅलो रिचर्ड्स. जन्म ३ डिसेंबर १८४२ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात डन्स्टेबल नावाच्या खेड्यातला. एकुलती एक, आईवडील दोघंही मास्तरकी केलेले, त्यामुळं सुरुवातीचं शिक्षण घरातच झालं. पुढं वडिलांनी वेस्टफर्डला दुकान घातलं, दुकानात ती मदत करायची. मग शिकवण्या घे, लोकांच्या घरची कामं कर असं करत करत तिनं ३०० डॉलर साठवले आणि १८६८ साली व्हॅसार या मुलींच्या कॉलेजात नाव घातलं, तेव्हा ती पंचविशीची होती. पंचविशीत कॉलेजचं पहिलं पाऊल, हे वय लक्षात ठेव, आपल्याकडं आजसुद्धा एक वर्ष गॅप पडला तर घरात सुतक असल्यासारखं होतं.

१८७० ला डिग्री घेतली. व्हॅसारमध्ये मारिया मिचेल म्हणून नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञ शिकवायला होत्या, त्यांच्या हाताखाली ती ताऱ्यांकडं जाऊ शकली असती, पण माणसांच्या रोजच्या अडचणींना उपयोगी पडेल असं शास्त्र तिला पाहिजे होतं म्हणून केमिस्ट्री धरली. मग नोकरीसाठी केमिस्ट लोकांच्या कंपन्यांना पत्रं लिहिली, सगळीकडनं नकार, एका ठिकाणाहून सल्ला आला की बोस्टनला ते नवीन टेक्नॉलॉजीचं इन्स्टिट्यूट निघालंय तिथं विचारून बघ. ते इन्स्टिट्यूट म्हणजे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, एमआयटी, आज तुमची इंजिनिअरिंगची पोरं ज्याचं नाव घेतात तेच. तिथं तोवर एकही मुलगी नव्हती. डिसेंबर १८७० मध्ये तिला ‘स्पेशल स्टुडंट’ म्हणून घेतलं आणि कागदावर लिहून ठेवलं की या एकीला घेतलं म्हणजे पुढं बायकांना घ्यायचा पायंडा पडला असं कुणी समजू नये.

आणि फी घेतली नाही. तिला वाटलं आपण गरिबाघरच्या म्हणून माफ केली असेल. नंतर कळलं की कारण वेगळंच होतं, कुणी तक्रार केलीच तर ती आमची विद्यार्थिनीच नाही असं सांगता यावं म्हणून फी घेतली नव्हती! पुढं ती म्हणाली की हे आधी माहीत असतं तर मी गेलेच नसते. मी हे जेव्हा जेव्हा वर्गात सांगितलंय तेव्हा तेव्हा माझा आवाज भरून आलाय. वर्गात बसू देतात, पण हजेरीच्या वहीत नाव लिहीत नाहीत अशातला हा प्रकार. आणि त्या काळात तिनं तिथं काय केलं तर प्रयोगशाळा झाडली, प्रोफेसरांचं काही उसवलं असेल तर शिवून दिलं, कुणाचं बोट कापलं तर पट्टी बांधली. घरी पत्रात लिहिलं की मी बाईची कामं कमी दर्जाची मानत नाही, त्यामुळं लोक माझ्या बाजूनं होतायत, आणि मी जी वाट करतेय ती पुढच्यांसाठी उघडी राहील. आजच्या काही मुलींना हे पटत नाही, म्हणतात कशाला शिवायचं प्रोफेसरांचं. मला पण आधी राग यायचा. पण दार किलकिलं असताना जी बाई आत पाय घालून उभी राहते तिनं काय करायला पाहिजे होतं हे आपण बाहेरनं सांगणं मला बरं वाटत नाही.

१८७३ ला एमआयटीची डिग्री घेणारी ती पहिली बाई झाली. त्याच वर्षी लोखंडाच्या खनिजाच्या तपासणीवर प्रबंध लिहून व्हॅसारची एमए पण मिळवली. आप्पांना हे मुद्दाम सांग, होम सायन्सच्या आईचा अभ्यास लोखंडाच्या दगडावर होता. पुढं डॉक्टरेट करायची तिची तयारी होती, ती मात्र दिली नाही.

मग तिनं काय केलं, बोस्टनमधल्या बायकांच्या एका शिक्षण संस्थेकडनं पैसे उभे केले आणि १८७६ मध्ये एमआयटीतच बायकांसाठी वेगळी प्रयोगशाळा काढली. स्वतः तिथं पगार न घेता शिकवायची, उलट वर्षाला हजार डॉलरच्या आसपास स्वतःचे घालायची. १८८३ ला ती प्रयोगशाळा बंद झाली, आणि का बंद झाली तर मुलींना आता मुलांबरोबरच बसायची परवानगी मिळाली होती म्हणून. असं बंद पडणं कुणाच्या वाट्याला येतं सांग! १८८४ पासनं ती एमआयटीत सॅनिटरी केमिस्ट्रीची इन्स्ट्रक्टर, म्हणजे पाणी, हवा, सांडपाणी यांची केमिस्ट्री. ३० मार्च १९११ ला वारली तेव्हासुद्धा पद तेच, इन्स्ट्रक्टर. २७ वर्षं. एवढ्या कामावर प्रोफेसर केलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता तुझा खरा प्रश्न, होम सायन्स कुठनं आलं. तिचं म्हणणं असं होतं की घर ही पण एक प्रयोगशाळा आहे आणि तिथं रोज केमिस्ट्री चालते, फक्त चालवणारीला कुणी ती शिकवलेली नसते. दूध का फाटतं, साबणाला फेस का येत नाही, चुलीच्या धुरानं काय होतं, पगारातला किती हिस्सा खाण्यावर जावा आणि किती भाड्यावर, हे सगळं मोजता येतं. १८९९ पासनं दरवर्षी, बहुतेकदा न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिड या गावी, या विषयाची माणसं जमायला लागली, नाव काय द्यायचं यावर पण खल झाला आणि ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव ठरलं. १९०८ च्या शेवटी अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन निघाली आणि ही पहिली अध्यक्ष.

तुझ्या कोर्सचे विषय बघ, अन्न आणि पोषण, कापड, मुलांची वाढ, घरातल्या साधनांचं नियोजन, गावात जाऊन शिकवणं. याचा सगळा सांगाडा तिथनं आलाय. आजीकडं शिकायचं ते शीकच, आजीला भाकरी करताना पीठ कसं मळायचं ते हाताला ठाऊक आहे आणि ते पुस्तकात मिळत नाही. पण जोंधळ्याचं पीठ उकळत्या पाण्यात का मळायचं, गव्हासारखं ते गार पाण्यात चिवट का होत नाही, तर त्यात ग्लुटेन नाही आणि गरम पाण्यानं स्टार्च फुगून पीठ धरून ठेवतो, हे तुला धारवाडला कळेल. दोन्ही पाहिजे. आणि मराठी मीडियमची असलीस, पहिलं वर्ष इंग्लिश कन्नड मिसळून कानावर पडेल तर घाबरू नको, दोनतीन महिन्यात कान सरावतात.

प्रश्न : ताई, आम्ही हुक्केरी तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका, तिखट आणि हळद करून बाजारात देतो. शिकलेल्या सायंटिस्ट बायकांच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात पण आमच्यासारख्या सातवी आठवी झालेल्यांना त्यांचा काय उपयोग?
— बचत गटातल्या एक ताई

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण एलनबाईचं मला सगळ्यात आवडणारं काम तुमच्यासारख्यांसाठीच होतं आणि ते पत्रांचं होतं.

बोस्टनमध्ये ॲना टिकनर नावाच्या बाईंनी १८७३ ला एक संस्था काढली होती, ज्या बायकांना कॉलेजला जाता येत नाही त्यांना घरबसल्या पोस्टानं शिकवायचं. १८७६ पासनं त्यातला सायन्सचा विभाग एलनबाईकडं आला. ती लांबलांबच्या बायकांना धडे पाठवायची, सूक्ष्मदर्शक पाठवायची, दगडांचे वनस्पतींचे नमुने पाठवायची. आणि त्या बायका उत्तरात अभ्यास तर लिहायच्याच पण हळूहळू स्वतःचं पण लिहायला लागल्या, सारखं थकल्यासारखं होतं, डोकं दुखतं, घरात हवा नाही, पैसे पुरत नाहीत. त्या पत्रांतनं तिला बायकांच्या घरातल्या आरोग्याची अवस्था कळत गेली. दगडगोटे तपासणारी केमिस्ट घराच्या शास्त्राकडं वळली त्यात या पत्रांचा मोठा वाटा आहे असं मला वाटतं. म्हणजे बिनशिकलेल्या म्हणा कमी शिकलेल्या म्हणा, त्या बायकांनीच तिला वाट दाखवली.

दुसरं तुमच्या धंद्याचं. किराणा मालातल्या भेसळीवर तिनं राज्य सरकारसाठी तपासण्या केल्या, त्यात दालचिनी म्हणून चक्क लाकडाचा भुसा विकला जात होता हे दिसलं. १८८० च्या दशकात मॅसॅच्युसेट्सनं भेसळीविरुद्ध कायदे केले त्याच्या पाठीशी असल्या तपासण्या होत्या. या विषयावर तिनं घरातल्या बाईला समजेल असं पुस्तक पण लिहिलं.

तुमच्यासाठी सांगते. तिखट तपासायचं तर काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वरनं चमचाभर तिखट सोडा, ढवळू नका. विटेची पूड, वाळू असेल तर तळाला बसते, भुसा तरंगतो, आणि बाहेरनं रंग घातला असेल तर रंगाच्या रेघा पाण्यात खाली उतरताना दिसतात. हळदीला थोडं पाणी आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचे थेंब, गुलाबी रंग आला तर लगेच घाबरू नका, चांगली हळद पण ॲसिडनं रंग बदलते, अजून पाणी घाला, रंग गेला तर बरी, गडद गुलाबी तसाच राहिला तर मेटॅनिल यलो नावाचा बंदी असलेला रंग आहे. ॲसिड मात्र जपून, शाळेतल्या सायन्सच्या सरांना सोबत घ्या. आणि संकेश्वरी मिरची तुमच्या दारातच आहे, ती तिखटाला, रंगासाठी ब्याडगी मिसळा, रंगाची डबी कशाला हातात घ्यायची.

हे ग्लासातलं तिखट बेळगावच्या गणपत गल्लीत आठवड्याच्या बाजाराला टेबल मांडून गिऱ्हाइकासमोर करून दाखवा असं माझं सांगणं आहे. लोक बघतात, विश्वास ठेवतात, भाव पण मिळतो.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही या बाईंचा ओझरता उल्लेख केला होता. त्यांना मूलबाळ होतं का? घरसंसार सांभाळून एवढं जमतं का हो? आमच्या सूनबाई शाळेत शिकवतात, घर आणि नोकरी दोन्हीत त्यांची ओढाताण होते म्हणून विचारतो.
— निवृत्त शिक्षक, निपाणी

उत्तर : सर, मूलबाळ नव्हतं. १८७५ ला त्यांचं लग्न रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी झालं, ते एमआयटीतच खाणकामाचे प्रोफेसर. लग्नानंतर फिरायला गेले ते कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला, आणि सोबत त्यांचे खाणकामाचे विद्यार्थी! नवऱ्याच्या कामात त्या इतक्या मुरल्या की १८७९ ला खाण इंजिनिअरांच्या अमेरिकन संस्थेत निवडून आलेल्या पहिल्या बाई ठरल्या.

घर मात्र बघण्यासारखं होतं. पाण्याचे शिशाचे पाईप काढून टाकले, शिसं अंगात जातं म्हणून. कोळशाच्या शेगडीऐवजी गॅस आणला, शेगडीवरची वाफ आणि धूर बाहेर जायला पंख्याची सोय केली, भिंतीपासून भिंतीपर्यंतचे जाड गालिचे काढून झटकता येतील असे लहान घातले. आणि घरकामाला विद्यार्थिनी ठेवल्या, राहायला खायला जागा त्यांची, बदल्यात कामात हात. म्हणजे सर, एकटीनं सांभाळलंच नाही. काम कमी केलं, धूर आणि धूळ कमी केली, हात वाढवले. सूनबाईंसाठी मला एवढंच सुचतं की घरात कुठलं काम कमी होऊ शकतं आणि कुठल्याला अजून दोन हात लागू शकतात ते तुम्ही घरातले सगळे मिळून बसून बघा, आणि त्या दोन हातांत तुमचे पण धरा. तुम्ही स्वतःहून विचारलंत, त्यावरनं तुम्हाला ते जड जाणार नाही.

प्रश्न : अंगणवाडीतलं पौष्टिक पीठ पोरं खात नाहीत, आया घरी नेऊन म्हशीला घालतात. काय करावं?
— अंगणवाडी कार्यकर्ती, चिकोडी तालुका

उत्तर : ताई, एलनबाई पण इथंच अडखळल्या होत्या. १८९० ला बोस्टनमध्ये मेरी हिनमन एबल यांच्यासोबत त्यांनी ‘न्यू इंग्लंड किचन’ काढलं, कामगारांच्या घरांना स्वस्त आणि पौष्टिक शिजवलेलं अन्न मिळावं म्हणून. सगळं मोजून मापून, सूप प्रत्येक वेळी अगदी एकाच चवीचं. पण बाहेरदेशातनं आलेली गरीब माणसं फारशी आलीच नाहीत, त्यांना त्यांच्या त्यांच्या देशाची चव पाहिजे होती. एका बाईनं तोंडावर सांगितलं म्हणतात, मला जे चांगलं ते नको, मला जे आवडतं ते मी खाणार. पुढं तेच किचन १८९४ पासनं बोस्टनच्या शाळांना जेवण पुरवायला लागलं आणि तिथं मात्र टिकलं, शिकागोच्या १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात पण त्यांच्या स्वैपाकघरात हजारो माणसं जेवून गेली.

मी स्वतः ही चूक केलीय. नवीन असताना एका गावात बायकांना जोंधळ्याच्या पिठात सोयाबीनचं पीठ घालायला सांगितलं, प्रमाण वगैरे फळ्यावर लिहून. पुढच्या महिन्यात गेले तर एकीनं पण घातलं नव्हतं, वास येतो म्हणाल्या, आणि खरंच कच्चं सोयाबीन दळलं की वास येतो. एक म्हातारी म्हणाली, बाई आधी भाजून तर बघायचं. सोयाबीन चांगलं भाजून दळल्यावर वास गेला आणि कच्च्या सोयाबीनमधले पचनाला आडवे येणारे घटक पण उष्णतेनं कमी होतात, म्हणजे म्हातारीचं म्हणणं शास्त्रात पण बसत होतं. तुम्ही ते पीठ परत खमंग भाजून, खानापूरचा नाहीतर संकेश्वरचा गूळ घालून लाडू वळून बघा, आयांनाच वळायला बसवा.

प्रश्न : अमेरिकेतली सांगता, आपल्यात कोण नव्हतं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : होत्या की! कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. मुंबई विद्यापीठातनं १९३३ ला बीएस्सी करून बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या तर सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, शेवटी एक वर्ष आधी काम बघू अशा अटींवर घेतलं. काम कशावर, तर दूध आणि कडधान्यांतली प्रथिनं. १९३९ ला केंब्रिजची पीएचडी, बटाट्यातल्या सायटोक्रोम सी वर, म्हणजे पेशींच्या श्वसनातल्या एका प्रथिनावर. परत आल्यावर नीरेचं पोषणमूल्य तपासलं, मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या, आणि ग्राहकांसाठी भेसळीविरुद्ध पण काम केलं. अटी घालून घेतलं ते बोस्टनला १८७० मध्ये आणि बंगळूरला १९३३ मध्ये, साठ वर्षांनी पण दाराची कडी तीच. खानापूरच्या पोरीनं हे पण आप्पांना वाचून दाखवावं.

प्रश्न : ताई, आमची विहीर आजोबांच्या काळातली. यंदा शेजाऱ्यांनी विहिरीपासनं पंधरा फुटांवर संडासाचा शोषखड्डा काढलाय. पाणी दिसायला स्वच्छ आहे. काळजी करू का नको?
— शेतकरी, बेळगाव तालुका

उत्तर : दादा, करा. दिसायला स्वच्छ याला काही अर्थ नाही. आणि योगायोग बघा, एलनबाईंचं सगळ्यात गाजलेलं काम हेच आहे.

१८८७ पासनं मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सगळ्या पाण्याची तपासणी झाली, हजारो नमुने त्यांच्या प्रयोगशाळेतनं गेले. त्यात त्यांच्या लक्षात आलं की पाण्यात क्लोराईड, म्हणजे मिठाचा अंश, समुद्राकाठी जास्त असतो आणि आत आत जाल तसा ठरावीक रीतीनं कमी होत जातो. आपल्याकडं समजा गोव्याकडनं घाट चढून कणकुंबी, जांबोटी, मग बेळगाव असं आलं तर पावसाच्या पाण्यात समुद्राचं मीठ कमी होत जाणार तसंच. त्यांनी त्याचा नकाशा काढला, ‘नॉर्मल क्लोरीन मॅप’. मग एखाद्या गावच्या पाण्यात त्या जागेच्या मानानं मीठ जास्त निघालं की समजायचं माणसांचं सांडपाणी मिसळलंय, कारण माणूस खातो ते मीठ लघवीतनं बाहेर पडतं आणि मातीत ते गाळलं जात नाही. किती साधी गोष्ट आणि केवढी कामाची! (आपल्याकडं खडकातनं पण क्षार येतात, म्हणून एकट्या क्लोराईडवर निकाल देऊ नये.)

तुम्ही असं करा. तुमच्या विहिरीचा एक नमुना घ्या आणि शोषखड्ड्यापासनं लांब, वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या एखाद्या विहिरीचा एक घ्या. दोन्हीत क्लोराईड आणि नायट्रेट (सांडपाण्यातनं पण येणारा नायट्रोजनचा क्षार) मोजून घ्या. पिण्याच्या पाण्यात क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत आणि नायट्रेट ४५ च्या आत असावं असं भारतीय मानक आहे, पण तुमच्यासाठी मर्यादेपेक्षा दोन विहिरींमधला फरक महत्त्वाचा, लांबच्या विहिरीत ३० आणि तुमच्यात १२० असेल तर दोन्ही मर्यादेत असूनही काहीतरी उतरतंय. जंतूंची तपासणी वेगळी सांगून करून घ्या, ती तर पाहिजेच. ग्रामपंचायतीत टेस्ट किट असलं तर सुरुवात तिथं करा, नाहीतर पाणी तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत न्या. तोवर प्यायचं पाणी खळखळ उकळून घ्या, आणि शेजाऱ्यांशी भांडण न करता खड्डा निदान पन्नास फुटांपलीकडं, उताराच्या अंगाला हलवायचं बोलणं आत्ताच काढा, पावसाळ्यात पाण्याची पातळी वर आली की अंतर अजून कमी होतं.

नमुना घेताना क्षारांसाठीची बाटली त्याच पाण्यानं दोनतीनदा विसळून भरा, जंतूंसाठीची मात्र प्रयोगशाळेनं दिलेली निर्जंतुक बाटलीच घ्या, ती विसळू नका, तोंडाला बोट लावू नका, आणि शक्य तितक्या लवकर, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. बाटलीवर विहीर कुठली, तारीख आणि वेळ लिहायला विसरू नका. रिपोर्ट आला की आकडे मला पाठवा, पुढच्या अंकात बघू.